पिशवी काढल्यानंतरचं घर
भगिनींनो, बीडहून सांगली-साताऱ्याकडेही ऊस तोडायला येणाऱ्या बायांचं दुखणं २०१९ मध्ये उघड झालं. शासकीय पाहणीत ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या वस्तीतही अशा जणी भेटतात.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली की पन्नाशीच्या आसपास हळूहळू येणारं सगळं एकदम येतं. अंगातून वाफा, झोप उडणं, चिडचिड, जागेचा कोरडेपणा. संबंधाच्या वेळी दुखतं, म्हणून ती अंग चोरते. नवऱ्याला भलताच संशय. बाबांनो, तिचं मन उडालेलं नाही, तिला दुखतंय! दवाखान्यात जोडीनं जा, कोरडेपणावर लावायचं मलम मिळतं. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर अंडाशयं ठेवणार का, हे आधी विचारा.