हिवाळ्यातील कुंड्या : ऊन, रात्र आणि पाणी

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि पौष संपण्याच्या आत पुष्कळ घरांतील तुळस वाळलेली दिसते. 'थंडीने तुळस गेली' असे म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतो. परंतु थंडीने झाडाचा कोणता व्यवहार बिघडला, आणि त्या बिघाडात आपला स्वतःचा हात किती होता, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट स्थळाच्या आधारे केला आहे.

ते स्थळ म्हणजे जयपूर शहराच्या वायव्य भागातील मुरलीपुरा ही वस्ती. येथील हवा कोरडी आहे. जानेवारीत दुपारी ऊन सुखद असते. परंतु रात्रीचे तापमान सरासरीने 8 अंश सेल्सिअसच्या आसपास येते आणि थंडीची लाट आल्यास त्याहूनही बरेच उतरते. शेतजमीन नसलेल्या कुटुंबास येथे बाग करावयाची, तर ती सज्जात, गच्चीवर किंवा खिडकीपाशीच करावी लागते.

सूर्याची उंची

मुरलीपुरा सुमारे 27 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 21 जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे 86 अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. 22 डिसेंबरला मात्र तो केवळ 40 अंशांपर्यंतच चढतो. याचा परिणाम मोठा आहे. दक्षिणाभिमुख सज्जाच्या वरच्या छताची कडा जमिनीपासून 2 मीटर उंच असेल आणि समोर दुसरी इमारत किंवा भरीव कठडा नसेल, तर जूनच्या मध्यान्ही ऊन जेमतेम 12 सेंटिमीटर आत येते. डिसेंबरात तेच सुमारे 2.4 मीटर आत पोहोचते. उन्हाळ्यात सावलीत असणारी दक्षिणेची बाजू हिवाळ्यात उत्तम बाग होते. उत्तरेकडील सज्जास मात्र या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही. म्हणून ऋतू बदलला की कुंड्यांची जागाही बदलली पाहिजे.

उघडे आकाश

दिवसा मिळविलेली उष्णता झाड रात्री प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे सोडीत असते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर पाने भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, त्यामागे हेच कारण आहे. हवामापकाचा पारा शून्याच्या वर असूनही गवताच्या पात्यावर हिमकण दिसू शकतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. गच्चीवरील कुंडीपेक्षा छताखालील कुंडी सुरक्षित असते, कारण छत तिच्या आणि आकाशाच्या मध्ये येते. तसेच राजस्थानात थंडीच्या रात्री तुळशीवर ओढणी घालण्याची जी रीत आहे, ती केवळ श्रद्धेची नव्हे, भौतिकशास्त्राचीही आहे. कापड झाडास ऊब देत नाही. असलेली ऊब आकाशात जाऊ देत नाही. सकाळी मात्र ते काढलेच पाहिजे, अन्यथा प्रकाश अडतो.

तुळस, क्रोटन, मनी प्लांट ही उष्ण प्रदेशातील झाडे होत. तापमान 10 अंशांच्या खाली फार काळ राहिल्यास त्यांच्या पेशींची आवरणे ताठरतात आणि पाने काळवंडतात. त्यासाठी पाणी गोठण्याची गरज नसते. याउलट मेथी, कोथिंबीर, पिटुनिया आणि पॅन्सी यांस हीच थंडी मानवते.

पाण्याचा अतिरेक

तथापि हिवाळ्यात कुंडीतील झाडे थंडीपेक्षा पाण्यानेच अधिक दगावतात. थंड मातीत मुळे पाणी सावकाश शोषतात, आणि दिवस लहान असल्याने पानांतून बाष्पही कमी जाते. आपण मात्र मे महिन्याच्या सवयीने रोज तांब्या रिकामा करतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून राहतात. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. मुळे गुदमरतात, कुजतात आणि वर पाने पिवळी पडतात. ती पाहून 'झाड तहानले' असे समजून आपण आणखी पाणी घालतो. अशा रीतीने उपचारानेच रोग बळावतो.

उपाय साधा आहे. बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसावे. ओल लागल्यास पाणी देऊ नये. मातीची सच्छिद्र कुंडी माठाप्रमाणे पाझरते व लवकर सुकते. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल अधिक दिवस टिकते. पाणी सकाळी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे.

जयपुरात या काटकसरीस आणखी एक अर्थ आहे. शहराजवळील ज्या रामगढ तलावात 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांतील वल्हवण्याच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. पुढे शहराच्या पाण्याची मुख्य भिस्त शंभराहून अधिक किलोमीटर दूर, बनास नदीवरील बिसलपूर धरणावर आली. इतक्या लांबून आणलेले पाणी झाडास मारण्यात खर्च व्हावे, हे योग्य नव्हे.

घरातील प्रकाश

कुंडी घरात घेतली की थंडी टळते, पण प्रकाशाचा प्रश्न उभा राहतो. भर उन्हात सुमारे एक लक्ष लक्स प्रकाश असतो. खोलीच्या मध्यभागी काही शेच लक्स असतो. आपला डोळा लगेच जुळवून घेतो, म्हणून हा फरक आपणांस जाणवत नाही. झाडास तो जाणवतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली दाखवून दिले की, कोवळ्या अंकुराचे टोक प्रकाश ओळखते आणि वळण मात्र त्याच्या खाली पडते. खिडकीतील झाड एका बाजूस झुकते ते यामुळेच. दर आठवड्यास कुंडी पाव फेरा फिरवावी.

शेवंतीचे गणित मात्र उलटे आहे. तिला कळ्या धरण्यासाठी दीर्घ, अखंड अंधाराची रात्र लागते. सज्जातील दिवा रात्रभर जळत राहिल्यास तिचा बहर लांबतो.

एक प्रयोग

शाळेतील विद्यार्थ्यांनी जानेवारीच्या निरभ्र रात्री तीन सारखे तापमापक ठेवावेत : एक गच्चीवर उघड्यावर, एक गच्चीवरच कापडाखाली आणि एक सज्जात छताखाली. पहाटे तिन्हींची नोंद घ्यावी. आठ दिवसांच्या नोंदींवरून ओढणीचे आणि छताचे मोल आकड्यांत कळेल.

आणि वाळलेली तुळस उपटण्यापूर्वी तिच्या खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा रंग दिसला तर झाड जिवंत आहे. पाणी बेताचे द्यावे, ऊन भरपूर द्यावे आणि फाल्गुनापर्यंत वाट पाहावी.