उत्प्रेरकी परिवर्तक
मोटारगाडीच्या निष्कास नळीत बसविलेले, निष्कास वायूंतील विषारी घटकांचे कमी घातक संयुगांत रूपांतर करणारे साधन. याच्या सच्छिद्र गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम यांसारख्या धातूंचा पातळ थर असतो. शिशामुळे हा थर निकामी होतो. म्हणून १९९५ मध्ये भारतातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा करताना शिसेरहित पेट्रोलही उपलब्ध करावे लागले.

पालघर जिल्ह्यातील पाम, बोईसर व तारापूर या औद्योगिक पट्ट्यात माल वाहणारे पिकअप ट्रक बहुधा डीझेलवर चालतात. त्यांतील परिवर्तक मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण करतो. जुन्या गाडीत गाभा काजळीने वा जळक्या वंगणाने तुंबला की, वायू बाहेर पडण्यास अडथळा होऊन एंजिनाची शक्ती घटते. मग परिवर्तक काढून साधी नळी जोडण्याचा स्वस्त उपाय योजला जातो. त्याने शक्ती परतल्यासारखी वाटते, पण दट्ट्याची झिजलेली कडी किंवा बिघडलेला अंतःक्षेपक तसाच राहतो. तो दुरुस्त न करता बसविलेला नवा, महागडा परिवर्तकही लवकरच तुंबतो. प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये दंडनीय आहे. तथापि डीझेल गाड्यांच्या नियतकालिक तपासणीत केवळ धुराची अपारदर्शकता मोजतात. कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन असल्यामुळे परिवर्तक काढलेली गाडीही तीत उत्तीर्ण होऊ शकते.