माळ्यावरचा हनुमान

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरच्या भुतांची परेड! यंदा नेरुळच्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावरून एक खोका खाली आला. आत प्लेस्टेशन २ आणि दोन डिस्क. वरची डिस्क 'हनुमान : बॉय वॉरियर'. दादा म्हणाला, ''हा फ्लॉप गेम अजून ठेवलायस? टाक भंगारात!''

फ्लॉप? मान्य. पण बॉस, हैदराबादच्या ऑरोनाने बनवलेला आणि सोनीने २००९ मध्ये आणलेला हा गेम म्हणजे पूर्णपणे भारतात घडलेला पहिला प्लेस्टेशन २ गेम. 'मारिओ' कुणी ना कुणी जपतंच. हरवतात ते हेच, कुणाला नको असलेले.

तुमचा झपाक आठवतोय? २००६ मध्ये सुरू झालेला, साहेब मीटिंगला गेले की उघडायचा! असले ब्राउझरमधले गेम बहुतेक फ्लॅशवर चालायचे आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद केलं. 'फ्लॅशपॉइंट' प्रकल्पातल्या हौशी मंडळींनी जगभरचे लाखाहून जास्त गेम वाचवले, तेही हिट-फ्लॉप न बघता. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी सिनेमाबाबत हेच केलं. चांगला-वाईट नंतर ठरवू, आधी जपू! तरीही १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याकडे अर्धवटच उरलाय.

म्हणून 'हनुमान'ची डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली आणि तिची जशीच्या तशी कॉपी, म्हणजे इमेज फाइल, काढून दोन ठिकाणी ठेवली. कव्हरही स्कॅन केलं. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचा असा बॅकअप ठेवायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं.

दुसरी डिस्क मात्र वाचताच आली नाही. आमच्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता तो. वाशीच्या खाडीपुलावरून लोकल न्यायची, इतकाच गेम. चौघांनी बनवला, फार तर दहा जणांनी खेळला. बाकी तिघांना फोन केले. एकाचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला, दुसऱ्याला गेमच आठवेना. तिसरी म्हणाली, ''अरे, कॉपी तुझ्याकडेच होती ना?''

आज घरी गेलात की आधी माळा उघडा.