‘मोदक’: देवनागरीतलं गुटगुटीत अक्षर

लठ्ठ अक्षर काढणं वरवर सोपं वाटतं. रेघ जाड करत जायची, झालं! रोमन लिपीत ते बऱ्यापैकी निभतं. ‘कूपर ब्लॅक’सारखा गुबगुबीत टाइप तिकडे १९२०च्या दशकापासून नांदतोय. देवनागरीत मात्र रेघ फुगली की पंचाईत होते. ‘ष’चं पोट भरलं की तिरपी रेघ बुडते आणि उरतो ‘प’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक तर शिरोरेघेतल्या एवढ्याशा फटीवर टिकलेला असतो. शिवाय वर रफार-अनुस्वार, खाली उकार, मध्ये ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरं. सगळ्यांनाच जाड व्हायचंय आणि जागा तेवढीच.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटातून २०१५च्या सुमारास आलेला ‘मोदक’ हा फाँट ही पंचाईत मुद्दाम ओढवून घेतो. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. सुरुवात झाली ती हाताने काढलेल्या अक्षरांपासून. रेघ जेवढी फुगवता येईल तेवढी फुगवायची आणि अक्षराच्या पोटातली पोकळी केसाएवढी ठेवायची, असा तो खेळ होता.

एरवी बाह्यरेषेचा फाँट म्हणजे अक्षराभोवती काळी रेघ आणि आत कोरी जागा. ‘मोदक’मध्ये नेमकं उलटं आहे. अक्षर काळंभोर, आणि त्याचं वळण दाखवते ती आतून फिरणारी पांढरी बारीक रेघ. ‘क’ मोठा करून पाहा. दोन्ही बाजूंच्या वाट्या जवळजवळ मिटल्यात, तरी ‘क’ ओळखायला क्षणही लागत नाही. ती फट थोडी रुंद झाली असती तर गोळीबंदपणा गेला असता. आणखी बारीक झाली असती तर अक्षरच गेलं असतं. हा फाँट खेळकर दिसतो, पण त्यामागचा हिशेब सोनाराच्या तराजूतला आहे.

अशी भरदार शीर्षकाक्षरं मराठीत पूर्वी नव्हती असं नाही. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी हातानेच काय काय करून ठेवलंय! पण शीर्षकापुरती चार-सहा अक्षरं रेखाटणं वेगळं आणि उद्या कोण कुठला शब्द टाइप करील याचा नेम नसताना अख्खी बाराखडी, जोडाक्षरांसकट, एका अंगकाठीची ठेवणं वेगळं. मला ‘मोदक’चं कौतुक वाटतं ते या दुसऱ्या गोष्टीचं.

वापरताना मात्र तारतम्य हवं. मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, मिठाईचा खोका, गणेशोत्सवाची कमान इथे तो शोभतो. पत्रिकेवरच्या पत्त्याला लावला, की शाई पसरून फटी बुजतात आणि पाहुणे भलत्याच गल्लीत. लहान आकारात गुबगुबीतपणाच हवा असेल तर याच गटाचा ‘बालू’ घ्यावा. त्याच्या अक्षरांना आत श्वास घ्यायला जागा आहे. ‘मोदक’ खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो, त्यात हवे ते बदलही करता येतात. वजन मात्र एकच. बारीक ‘मोदक’ त्यांनी काढलेलाच नाही.