धबधब्याच्या वाटेनें खालीं

डोंगर चढणें म्हणजे काय, हें आमच्या शाळेंतील लहान मुलासहि समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु डोंगराच्या पोटांत पाण्यानें कोरलेल्या अरुंद घळींत शिरावें, आणि पाणी ज्या वाटेनें गेलें त्याच वाटेनें, कोठें चालत, कोठें पोहत, कोठें दोरावरून घसरत, खालच्या तोंडाशीं बाहेर पडावें, हा उद्योग आपल्याकडे त्या मानानें नवा आहे. पाश्चात्य देशांत यास 'कॅन्यनिंग' म्हणतात. फ्रान्समधील एदुआर मार्तेल या गुहासंशोधकानें १९०५ सालीं व्हर्दों नदीची खोल घळ होड्या घेऊन पार केली, ती तेथील पाण्याची पाहणी करण्यासाठीं. खेळ मागाहून आला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस या खेळाची ओढ लागली आहे, व त्यांच्या आईबापांस धास्ती. दोघांच्याहि उपयोगीं पडावें म्हणून, गेल्या डिसेंबरांत आम्ही सहा स्नेह्यांनीं केलेल्या एका दिवसाच्या उताराच्या आधारें हे चार शब्द लिहितों.

आम्हीं निवडलेली घळ म्हणजे सांदण दरी. ती अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, साम्रद गांवाजवळ, सह्याद्रीच्या अगदीं कडेस आहे. शेजारींच रतनगड उभा आहे. या बाजूस पडलेल्या पावसाचें दैव मोठें मौजेचें! रतनगडाच्या डोंगरांत उगम पावणारी प्रवरा गोदावरीच्या संगतीनें बंगालच्या उपसागरास जाते, आणि तेथून थोड्याच अंतरावर सांदणींत शिरलेलें पाणी कोंकणांत उतरून अरबी समुद्राची वाट धरतें.

हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेला रस थरावर थर पसरत निवाला, त्याचाच हा खडक बनला. त्यास जागोजाग उभ्या भेगा आहेत. पाण्यास भेग सांपडली म्हणजे तें ती सोडीत नाहीं. मात्र नुसतें पाणी खडक फारसा कापीत नाहीं. पुराबरोबर वाहत येणारे गोटे आणि वाळू हीं त्याचीं खरीं हत्यारें होत. याच जिल्ह्यांत निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांतील रांजणखळगे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस हें लवकर पटेल. भोवऱ्यांत सांपडलेले गोटे गरगर फिरून तेथें खडकांत अक्षरशः रांजण कोरतात. तेंच काम सांदणींत उभ्या भेगेच्या ओळीनें झालें, आणि दोन्ही अंगांस उंच भिंती राहून मध्यें कांहीं ठिकाणीं दोन माणसें जोडीनें चालूं शकणार नाहींत एवढीच वाट उरली. 'आशिया खंडांतील दुसऱ्या क्रमांकाची दरी' अशी तिची कीर्ति गाणारे पुष्कळ भेटतात. दरी इतकी सुंदर आहे कीं तिला असल्या पदवीची मुळींच गरज नाहीं.

पावसाळ्यांत ही वाट धबधब्याची असते, माणसाची नव्हे. डिसेंबर निवडूनहि आमचा वाटाड्या, साम्रदचाच एक महादेव कोळी गृहस्थ, सकाळीं बराच वेळ वरच्या पठाराकडील आभाळ न्याहाळीत उभा राहिला. आमच्यापैकीं एकानें हंसून म्हटलें, "आज कसला पाऊस?" तो म्हणाला, "डोईवरचा पाऊस दिसतो, गुरुजी. वरल्या अंगाचा दिसत न्हाई." या एका वाक्यांत जें आहे तें न कळल्यानें जगांत पुष्कळ माणसें प्राणास मुकलीं आहेत. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत अँटिलोप नांवाच्या घळींत १२ ऑगस्ट १९९७ रोजीं ११ प्रवासी वाहून गेले. पाऊस पडला होता तो कांहीं मैल वरच्या बाजूस. स्वित्झर्लंडांत इंटरलाकेनजवळ साक्सेतबाख ओढ्याच्या घळींत २७ जुलै १९९९ रोजीं २१ जण मेले, व त्यांत तिघे वाटाडे होते. उघड्या नदींत पूर आला तर पाणी आडवें पसरतें. घळींत पसरावयास जागा नसल्यामुळें तें वर चढतें व वेग घेतें. वेग दुप्पट झाला कीं अंगावर बसणारा त्याचा जोर चौपट होतो. आणि बाजूस सरावें म्हटलें तर बाजू म्हणजे भिंत!

आंत शिरल्यावर प्रथम लागतात ते दोन डोह. आमच्या वेळीं पाणी कमरेच्या वर होतें. ऊन तेथें पोंचतें तें मध्यान्हीं, घटकाभर. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ति हवेच्या सुमारें २५ पट आहे. म्हणून जी थंडी हवेंत सुखाची वाटते तीच पाण्यांत थोड्या वेळांत हाडांपर्यंत जाते. कांपणाऱ्या माणसाचीं बोटें आधीं निकामी होतात, आणि दोरावर लोंबणाऱ्याचा सारा भरंवसा बोटांवर असतो.

त्यापुढें प्रचंड शिळांवरून उतरत गेलें कीं पहिला कडा येतो. तो सुमारें ४५ फुटांचा असून धबधब्यानें घांसून गुळगुळीत झालेला आहे. खडकांत पक्क्या बसविलेल्या पोलादी कडींतून दोर ओंवतात, त्याचा मध्य कडीशीं ठेवतात व दोन्ही पदर खालीं सोडतात. उतरणाऱ्याच्या कमरेस व मांड्यांस हार्नेस नांवाचा पट्टा असतो, आणि त्यास आठाच्या आंकड्यासारखी धातूची कडी अडकविलेली असते. दोर तिच्यांतून वळसा घेऊन जातो. या वळशानें घर्षण इतकें वाढतें कीं एका हाताच्या पकडीनें मनुष्य आपलें सारें वजन तोलूं शकतो. भारा आवळतांना खुंटीभोंवतीं दोराचा एक वेढा अधिक देणारा गाडीवान हेंच पदार्थविज्ञान जाणत असतो. डोक्यास हेल्मेट हवेंच, कारण स्वतः पडण्याइतकेंच भय वरून सुटणाऱ्या दगडाचें असतें. घळींत हांक मारून उपयोग नाहीं. भिंतींवर आपटून शब्दांचा नुसता गोंगाट होतो. यासाठीं एक शिटी म्हणजे 'थांबा' व दोन म्हणजे 'दोर मोकळा', असें आम्हीं ठरविलें होतें.

शेवटचा गडी उतरला म्हणजे एक पदर ओढून सारा दोर खालीं घेतात. पुढच्या कड्यास तोच लागावयाचा असतो. या उद्योगाचें मर्म येथें आहे. डोंगर चढणारा दमला तर मागें वळतो. घळ उतरणाऱ्याचा दोर एकदां खालीं आला कीं त्याच्या मागें गुळगुळीत भिंत व पुढें न पाहिलेले कडे. मधला मार्ग नाहीं. म्हणूनच वर एक मनुष्य शिल्लक असतांनाच खालचे लोक दोर सरकतो कीं नाहीं हें ओढून पाहतात.

आमच्यांतील वयानें वडील असलेल्या एका गणितशिक्षकांचे हात दुसऱ्या डोहानंतर थरथरूं लागले होते. कड्याच्या तोंडाशीं बसून त्यांनीं गरम चहा घेतला, अंगरखा बदलला, आणि हार्नेसचें बक्कल स्वतः लावून पाहिलें. तें लागेना. तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "मी येथून परत जातों." तरुणांनीं आग्रह केला, "आम्ही बांधून देतों, अलगद खालीं सोडतों." यावर वाटाड्या म्हणाला, "बांधून सोडलं तर गुरुजी खाली जातील हो, पर म्होरं दिवसभर चालायचं कोणी?" एक स्नेही त्यांच्या सोबतीस परतला. आमच्या मतें त्या दिवसाचें सर्वांत कठीण काम त्या वृद्ध स्नेह्यांनींच केलें, आणि तें दोर कड्यावर असतांना केलें. मुलांस अशा सहलीस धाडणाऱ्या पालकांनीं नेणाऱ्यास खुशाल विचारावें, कीं पहिल्या कड्यावरून कोणास परतावेंसें वाटलें तर त्याच्याबरोबर मागें कोण येणार? याचें उत्तर तयार नसेल तर मूल धाडूं नये.

आम्ही चौघे व वाटाडे पुढें गेलों. बाकीचे उतार लहान होते. वर पाहिलें कीं आकाशाची निळी फीत, आणि खालीं आमच्या पावलांखेरीज कसलाहि आवाज नाहीं. हळूहळू भिंती दूर झाल्या, शिळांच्या जागीं रान आलें, व दिवेलागणीस आम्ही शहापूर तालुक्यांतील डेहेणे गांवांत पोंचलों. तेथून गाडीनें आसनगांव स्टेशन. परतलेले दोघे तोंवर साम्रदास पिठलें-भाकरी जेवून निजले होते, असें मागाहून कळलें.

दुसऱ्या दिवशीं दोर साध्या पाण्यांत धुऊन सावलींत वाळत घातले; उन्हानें नायलॉन क्षीण होतें. मग चौघांनीं बसून ते इंच इंच हातांतून सरकवीत तपासले. एका दोरावर, टोंकापासून दीडेक हातावर, वरचें आवरण खरवडलेलें लागलें. तेवढा तुकडा कापून टाकला, नवें टोंक विस्तवावर धरून बंद केलें, आणि दोराची कमी झालेली लांबी त्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवली.