निकाहाची तारीख आधी की मुलाखतीची?

ढाणकीत आमच्या कापड दुकानावर लग्नसराईचा माल पुढे ढकलला गेला तर कारणे ठरलेली असतात. कापसाला भाव मिळाला नाही किंवा कुणाच्या घरी मयत झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र आमच्याच घरी तिसरे कारण निघाले. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याचा निकाह जानेवारी २०२६ मध्ये ठरला होता. स्वयंपाकी सांगून झाला, विमानाचे तिकीट निघाले, आणि एका रात्री फोन आला, "बडे अब्बा, मी आलो तर परत कधी जाता येईल ते सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानावर बसलेल्या मंडळींनी आम्हाला घेरले. नोकरी गेली काय? नाही. कागदाची मुदत संपली काय? नाही, मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. मग अडचण कसली? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर समजून घ्यायला आम्हालाही चार दिवस लागले.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या भागातील कित्येक दुकानदारांनी दुकानाचे भांडवल मुलाच्या इंजिनिअरिंगमध्ये घातले आहे, काहींनी शेत गहाण टाकले आहे. ज्या धंद्यात भांडवल गुंतले त्या धंद्याचे नियम माहीत असावेत, एवढेच आमचे म्हणणे.

जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाक्याचे उदाहरण लगेच पटेल. माल आपला, बिल आपल्या नावाचे, दुकानाचे लायसन चालू. तरी माल शहरात आणताना नाक्यावर पावती फाडावी लागे. एकदा माल आत आला की वर्षभर विका, पावती कोणी मागत नसे. तोच माल बाहेर नेऊन पुन्हा आत आणायचा म्हटले की नाका पुढे उभा. अमेरिकेच्या नोकरीचेही असेच दोन कागद आहेत. एक तेथे राहून काम करण्याची मंजुरी. ही कंपनी अर्ज करून मिळविते, आणि ती मंजूर झाल्याची सूचना ज्या कागदावर येते त्यास आय-७९७ म्हणतात. दुसरा पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का. हा फक्त दारातून आत शिरण्यासाठी असतो आणि तो अमेरिकेबाहेरच्या त्यांच्या वकिलातीतच मिळतो. मुक्कामाची मुदत शिक्क्यावरून मोजली जात नाही. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या किंवा मंजुरीसोबत वाढवून आलेल्या आय-९४ या नोंदीवरून ती मोजतात. आमच्या पुतण्याचा शिक्का सप्टेंबर २०२४ मध्येच संपला होता. तो वर्षभर बिनधास्त नोकरी करीत होता आणि त्यात बेकायदा काही नव्हते. पण गावी आला की परत जाताना नवा शिक्का लागणार, आणि शिक्क्यासाठी मुलाखत.

ही नोकरी ज्या व्हिसावर चालते त्याला एच-१बी म्हणतात. अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने तो सुरू झाला. दरवर्षी ६५ हजार नव्या जागा, आणि अमेरिकेतून एम.एस.सारखी पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. मंजुरी एका वेळी तीन वर्षांची, एकूण सहा वर्षे. कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तर सहाच्या पुढेही वाढ मिळते. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जागा देत नाहीत. एच-१बीच्या मंजुऱ्यांत मात्र अलीकडच्या वर्षांत दर दहांत सात भारतात जन्मलेल्यांच्या आहेत. दहा-दहा वर्षे रांगेत उभे राहणारे आपले लोक दर तीन वर्षांनी शिक्क्याच्या फेऱ्यात सापडतात ते यामुळे.

पूर्वी हा त्रास नव्हता. पासपोर्ट टपालाने पाठवून अमेरिकेत बसल्या जागी शिक्का वाढवून मिळत असे. व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि जुलै २००४ मध्ये ती सोय बंद पडली. वीस वर्षांनी, २९ जानेवारी २०२४ पासून, २० हजार अर्जांपुरता पुन्हा एक प्रयोग झाला, पण तो ठराविक काळात भारतातून किंवा कॅनडातून शिक्का मिळालेल्यांसाठीच होता आणि दोन-तीन महिन्यांत आटोपला. आमच्या पुतण्याच्या शिक्क्याची तारीख त्यात बसली नाही.

शेजारच्या देशात जाऊन शिक्का आणण्याची वाटही होती. टोरांटो, व्हँकुव्हर किंवा मेक्सिकोतील सरहद्दीवरची शहरे येथे मुले चार दिवस जात आणि शिक्का घेऊन परतत. ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितले की अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी. त्याच्या चारच दिवस आधी, २ सप्टेंबरपासून, पासपोर्ट पेटीत टाकून मुलाखतीविना शिक्का मिळण्याची सवलतही एच-१बीवाल्यांसाठी बंद झाली होती. पुढे १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये, लावण्याचा हुकूम निघाला. त्या रात्री गावोगावी आईबापांची झोप उडाली. दोन दिवसांत खुलासा झाला की ही रक्कम नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांसाठी किंवा मुदतवाढीसाठी नाही. तोवर काही मुले सुटी अर्धी टाकून विमानतळावर धावली होती.

खरा खोळंबा डिसेंबरात झाला. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बीच्या अर्जदारांची, तसेच त्यांच्या बायकामुलांची, फेसबुक-इन्स्टाग्रामसारखी सारी खाती तपासण्याचा नियम लागू झाला. खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत असेही सांगण्यात आले. तपासणीस वेळ लागणार म्हणून भारतातील वकिलातींनी दिवसाच्या मुलाखती कमी केल्या आणि डिसेंबरच्या मधल्या व शेवटच्या आठवड्यांतील अनेक तारखा मार्च २०२६ किंवा त्याही पुढे गेल्या. जुन्या तारखेला येऊ नका, दारातून आत घेतले जाणार नाही, असे दूतावासाने जाहीर केले. जे आधीच सुटीवर आले होते ते येथेच अडकले. गुगल व ॲपल कंपन्यांच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर न जाण्याचा सल्ला दिल्याच्या बातम्याही त्याच महिन्यात आल्या. आमच्या पुतण्याची मुलाखत डिसेंबरच्या अखेरीस होती. तारीख बदलल्याचा ईमेल आला तेव्हा तो निघाला नव्हता, हे नशीबच म्हणायचे. विमानात बसला असता तर निकाह वेळेवर झाला असता आणि नोकरी टांगणीला लागली असती.

यात चूक कुणाची म्हणाल तर आमची. निकाहाची तारीख आम्ही आधी ठरविली, हॉलचा विसार दिला, आणि मुलाला सांगितले की आता मुलाखतीचे बघ. मालाची मागणी नोंदविण्याआधी गाडी मिळेल काय ते आम्ही नेहमी विचारतो. घरच्या कामात ते सुचले नाही.

आता मुलाखतीविषयी. भारतात दिल्लीचा दूतावास, आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे वकिलाती आहेत. मुंबईची कचेरी पूर्वी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आपल्या उमरखेड भागाला हैदराबाद जवळ पडते. पैनगंगा ओलांडून हिमायतनगर, तेथून नांदेड. हैदराबादची कचेरी २००८ मध्ये बेगमपेठच्या पायगा पॅलेसमध्ये सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेली. जुन्या पत्त्यावर रिक्षा करून वेळ घालवू नये.

डीएस-१६० हा अर्ज कॉम्प्युटरवर भरावा लागतो. जून २०२३ मध्ये फी १९० वरून २०५ डॉलर झाली. आधी एका केंद्रात बोटांचे ठसे व फोटो, नंतर वकिलातीत मुलाखत. प्रत्यक्ष बोलणे बहुधा चार-पाच मिनिटांचे. कंपनी कोणती, काम काय, पगार किती, काम कोणत्या गावी, शिक्षण कोठे झाले. सोबत पासपोर्ट, आय-७९७, कंपनीचे पत्र, पगाराच्या पावत्या व पदव्या. आमच्या बंधूंनी सातबारा, घराचा उतारा आणि दुकानाचे लायसन यांचा गठ्ठा बांधून ठेवला होता. टुरिस्ट व्हिसाला मायदेशी परतण्याची खात्री पटवावी लागते, एच-१बीला कायद्याने तशी अट नाही. तो गठ्ठा आम्ही परत कपाटात ठेवला.

कधी अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो किंवा परत देतो आणि २२१ (जी) लिहिलेली चिठ्ठी देतो. तिचा अर्थ आणखी कागद किंवा आणखी तपासणी हवी. दार कायमचे बंद झाले असे नव्हे, पण पुढच्या अर्जात "पूर्वी व्हिसा नाकारला होता काय" या प्रश्नाला होय असेच लिहावे लागते. आणखी एक. कंपनी बदलली तरी जुन्या कंपनीच्या नावाचा शिक्का मुदतीत असेल तर तो नव्या कंपनीच्या आय-७९७ सोबत चालतो. केवळ कंपनी बदलली म्हणून मुलाखतीला धावू नये.

आपल्या लोकांची खरी अडचण नावाची आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमचे नाव हेडमास्तरांनी उर्दूत नीट लिहिले, तालुक्याच्या कारकुनाने मराठीत "शे." केले, आणि कॉलेजात ते इंग्रजीत "एस. के." होऊन बसले. "मोहम्मद"चे "मो.", "मोह." आणि "एम.डी." असे तीन अवतार एकाच घरात सापडतील. एम.डी. वाचून आमच्या एका मित्राला रेल्वेत लोक डॉक्टर समजले होते. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा राहिला तर अमेरिकन व्हिसावर सबंध नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे नाव अज्ञात, असे छापून येते. मग बँक, लायसन, पगार, सगळीकडे मुलगा "एफएनयू साहेब". मुलगा दहावीला बसण्याआधीच शाळेच्या दाखल्यावरचे नाव पूर्ण आणि एकसारखे करून घ्यावे. नंतर गॅझेटमध्ये नाव बदलण्याची यातायात फार होते.

सुनेचाही विचार आहेच. तिला एच-४ व्हिसा लागेल, तिलाही मुलाखत, तिचीही खाती तपासली जाणार. त्यासाठी लग्नाचा दाखला हवा. आपला निकाहनामा उर्दूत असतो, त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. शिवाय महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद केली तर दाखला हातात येतो. काझी साहेबांपुढे बसताना दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवावेत आणि नावे त्यातल्याप्रमाणे लिहून घ्यावीत. नाहीतर नवऱ्याच्या नावावरून बायकोचा अर्ज अडतो.

मुलीच्या वडिलांना हे सारे सांगायला आम्ही स्वतः गेलो. ते किराणा व्यापारी. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "नोकरी आहे ना? मग तारीख तुम्ही आता मुलाला ठरवू द्या." हॉलवाल्याने विसार परत दिला नाही, पुढच्या तारखेत वळता करतो म्हणाला. तारीख आमच्याजवळ नव्हती. शेरवानीसाठी सुरतेहून आणविलेला जरीचा तुकडा मुलाचे नाव लिहून दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. त्याचे माप अजून घेतलेले नाही.