सकाळी साडेआठचा पाऊस

नंदुरबार जिल्ह्यात जुलैमध्ये पाऊस किती झाला, याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. पण त्या आकड्याने जिल्ह्यातल्या फार थोड्या शेतकऱ्यांचं समाधान होईल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. दक्षिणेला नवापूर, तिथे भाताची शेती आणि वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. नंदुरबार आणि शहादा तालुक्यांत कापूस, मिरची, पपई, केळी. पाऊस मात्र सहाशे-सातशेच्या घरात. तळोदा ओलांडलं की सातपुडा समोर उभा राहतो आणि अक्कलकुवा, धडगावच्या डोंगररांगा थेट नर्मदेला जाऊन भिडतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. या मुलखात एका दरीत धो धो कोसळतो आणि पलीकडच्या पाड्यावर अंगणही ओलं होत नाही.

हवामान खात्याच्या विभागणीत नंदुरबार ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतं. त्याच उपविभागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचं महाबळेश्वर आहे आणि पावसाची वाट पाहणारं सोलापूरही आहे. देशाचा नकाशा रंगवायला ही सरासरी उपयोगी पडते. धडगावच्या शेतकऱ्याला मात्र तिचा काही उपयोग नाही. त्याला हवी असते आपल्या महसूल मंडळातली, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातली नोंद, तीही रोजची आणि खंड न पडलेली.

ती नोंद ज्या उपकरणाने घेतात, ते दिसायला अगदी साधं असतं. जमिनीत पक्कं बसवलेलं नळकांडं, वर नरसाळं आणि आत पाणी साठवणारी बाटली. जमिनीवर आपटून उडालेले शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून पर्जन्यमापकाचं तोंड ३० सेंटीमीटर उंचीवर ठेवलेलं असतं. जवळपास झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखायचं, नाहीतर वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस अडतो. सकाळी साडेआठला निरीक्षक बाटली काढतो, पाणी मापाच्या काचपात्रात ओततो, पात्र सपाट जागी ठेवतो आणि वाकून नजर पाण्याच्या पातळीला आणतो. काचेला धरून पाण्याची कड किंचित वर चढलेली असते. वाचायचा तो मधला, खाली दबलेला भाग. वहीत आकडा पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजेच एका एकरावर चार हजार लिटरहून थोडं जास्त पाणी.

साडेआठचीच वेळ का? कारण त्या वेळी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि देशभरातली केंद्रं त्याच क्षणी नोंद घेतात. यातून एक गंमतशीर परिणाम होतो. ३० जूनच्या रात्री झालेला पाऊस १ जुलैच्या खात्यावर जमा होतो. शेतकऱ्याच्या आठवणीतला जून आणि वहीतला जून यांत कधीकधी एका रात्रीचा फरक पडतो तो यामुळे.

आणखी एका बाबतीत वही अतिशय काटेकोर असावी लागते. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं, आणि नोंदच घेतली गेली नाही तर जागा रिकामी ठेवायची. निरीक्षक रजेवर होता, बाटली फुटली होती किंवा स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यात पाला अडकला होता, आणि अशा दिवशी कुणी शून्य टाकलं, तर तो दिवस कायमचा कोरडा ठरतो. महिन्याची बेरीज कमी भरते, वर्षाची कमी भरते, पुढे सरासरीही घसरते. वीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्या अभ्यासकाला ते शून्य खरं की खोटं, हे ओळखण्याचं काहीच साधन नसतं.

या वह्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्येही पावसाची आकडेवारी आहे. तेव्हा माप इंचात होतं, आणि इंचाचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. दहा सेंट पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरत. पुढे मेट्रिक मापं आली, पण तो निकष टिकला. आजही हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाच्या दिवसालाच ‘पावसाळी दिवस’ म्हणतं.

रोजच्या नोंदींची महिन्याला बेरीज करायची, हे काम कारकुनी वाटतं. पण जगाच्या हवामानाचं एक मोठं कोडं त्यातूनच उलगडलं. १८९९-१९०० मध्ये पावसाने दगा दिला आणि खानदेश-गुजरात होरपळून निघाले. विक्रम संवत १९५६ मधला तो दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सून कधी रुसेल, हे आधी सांगता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे महिनावार आकडे मागवले आणि एकमेकांशी ताडून पाहिले. प्रशांत महासागरात एका बाजूला दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, हा झोका त्यांना त्या आकड्यांत सापडला. आज एल निनोच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख असतो तो हाच झोका. उपग्रह तर सोडाच, संगणकही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. हाताशी होत्या फक्त ठिकठिकाणच्या वह्या.

महिन्याचा हिशेब वेगळा का मांडायचा, हे २०२३ च्या पावसाळ्याने दाखवून दिलं. त्या हंगामात देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. नुसता हा आकडा पाहिला तर फार काही बिघडलं असं वाटत नाही. पण जुलै सरासरीच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्क्यांची तूट पडली. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. कोरडवाहू पिकं ऐन वाढीत असताना पावसाने पाठ फिरवली, आणि जुलैतलं जास्तीचं पाणी तोवर तापीतून वाहून गेलं होतं. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२३ अखेर ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नंदुरबार तालुका होता.

त्यानंतर मंडळांची पाळी आली. जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेली १,०२१ महसूल मंडळं दुष्काळसदृश जाहीर झाली. जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी हे सगळं त्या यादीवर अवलंबून होतं. अतिवृष्टीचंही तसंच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की नुकसानीच्या पंचनाम्याला आधार मिळतो. शिवारात नाला फुटून पीक वाहून गेलं, पण मंडळाचं यंत्र दहा किलोमीटरवर आणि तिथे पडला जेमतेम चाळीस, तर त्या शेतकऱ्याने काय दाखवायचं? राज्यात विभाजनातून नव्याने झालेल्या कित्येक मंडळांत तर २०२३ मध्ये पर्जन्यमापकच नव्हतं. डोंगरी तालुक्यात एक यंत्र कमी असणं म्हणजे काही गावांचा पाऊस सरकारदरबारी पडतच नाही. हे दुखणं तांत्रिक नाही. त्यात माणसांचं नुकसान आहे.

नंदुरबारचा बाजार लाल मिरचीसाठी ओळखला जातो. मिरची सुकवायला पसरतात त्या उघड्या जागांना इथे पथारी म्हणतात. हंगामात शहराबाहेर नजर जाईल तिथवर लाल पथाऱ्या असतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा या पथाऱ्यांवरची मिरची भिजली. धडगावकडे उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी सुकवून आमचूर करतात. वळवाचा एक सडाकाही तिथे तसाच नडतो. अशा पावसाची महिन्याची बेरीज किरकोळ दिसते. तो कोणत्या तारखेला आला, हे रोजच्या नोंदीशिवाय कळायला मार्ग नाही.

थंडीची कथा निराळी. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावर दव गोठतं. हवेचं तापमान मोजतात ते पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या भिंती असलेल्या लाकडी पेटीत. दीपस्तंभ बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती रचना केली. आपल्याकडे ऊन आत येऊ नये म्हणून पेटीचं दार उत्तरेला ठेवतात आणि तापमापी जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, जड थंड हवा खोलगट भागात साचते आणि गवताजवळचं तापमान पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी खाली जातं. त्यामुळे पेटीत तीन-चार अंश असतानाही शेतात बर्फ दिसू शकतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. सपाटीवरच्या केंद्राचा आकडा डाबला लावला तर मात्र फसगत होते.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसली. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी आता माणसाशिवाय होतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीकविम्यासाठी ‘विंड्स’ ही योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरलं. मात्र यंत्र बसवलं की काम संपत नाही. त्याची जाळी साफ करणारा, तपासणी करणारा, आकडा विचित्र आला तर प्रत्यक्ष जाऊन पाहणारा माणूस लागतोच. आणि आकड्यांचा अर्थ शेतकऱ्याला सांगणाराही लागतो. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात जिल्हा कृषी हवामान केंद्र होतं. पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांसाठीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून निघत असे. २०२४ च्या सुरुवातीला देशातली अशी १९९ केंद्रं बंद करण्यात आली. ज्या जिल्ह्यात एका तालुक्याचा सल्ला दुसऱ्याला चालत नाही, तिथे हा निर्णय जास्त जाचला.

जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार एखाद्या ठिकाणची हवामानाची सरासरी ठरवायला तीस वर्षांच्या नोंदी धरतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ वापरतात. या हिशेबाने २०१७ मध्ये बसलेल्या केंद्राची तीस वर्षं २०४७ च्या सुमारास भरतील. मधल्या काळात केंद्राची जागा बदलली नाही, शेजारी इमारत उभी राहिली नाही आणि रिकाम्या दिवसांवर कुणी शून्य टाकलं नाही, तर धडगाव आणि अक्कलकुव्याच्या मंडळांना स्वतःची सरासरी मिळेल आणि तिथला कमी-जास्त पाऊस तिथल्याच मापाने मोजता येईल.